लहानांची साक्ष : काळ्या दगडाच्या वयाची कथा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला चालवितो, ते आम्हांला शास्त्र शिकवीत. मी मात्र जन्मभर मराठी शिकविले. तेव्हा संयोजकांनी आमंत्रण दिले त्या वेळी माझ्याकडून एखाद्या संतकवीविषयी अथवा जुन्या गद्याविषयी ऐकावयास मिळेल, अशीच त्यांची अपेक्षा असणार. मी विषय कळविला तेव्हा मंडळाच्या चिटणीसांनी मला पुन्हा एकदा दूरध्वनी करून तो नीट ऐकला आहे ना, याची खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. खसखशीच्या दाण्याएवढ्या कवचांवरून खडकांचे वय कसे ठरवितात, हा विषय मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला शोभणारा नव्हे, असे कोणालाही वाटेल. परंतु या विषयाचे एक देणे माझ्यावर आहे, आणि ते याच शाळेतील आहे.

आम्ही आठवीत असताना सरांनी आमची सहल विकाराबादला, अनंतगिरीच्या डोंगरावर नेली होती. आपल्या हैदराबादचा दगड आपण जाणतो. गोवळकोंड्याला आणि शहरात जिकडे तिकडे दिसणाऱ्या त्या गोलाकार शिळा ग्रॅनाइटच्या; त्यांचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे. पश्चिमेकडे जाऊ लागले की हा ग्रॅनाइट मागे पडतो, जमीन काळी होते, आणि मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्र ज्याने व्यापला आहे तो काळा पाषाण सुरू होतो. सरांनी वाटेत एका ओढ्याच्या काठी आम्हांला थांबविले, काळ्या दगडाचा एक तुकडा हाती दिला आणि विचारले, ''हा केव्हाचा?'' आम्ही अर्थातच गप्प. तेव्हा ते म्हणाले, ''काही पुस्तके याला क्रिटेशस म्हणतात, काही इओसीन म्हणतात. दोहोंमध्ये कोट्यवधी वर्षांचे अंतर आहे. तुम्ही मोठे व्हाल तोवर निकाल लागेल. लागला की मला सांगा.''

निकाल लागला, तेव्हा सांगायला सर नव्हते. म्हणून तो आज त्यांच्या स्मृतीपुढे सांगावा, असे मनाशी ठरविले. निवृत्तीनंतर हाती वेळ आला आणि भूविज्ञानाकडे वळलेल्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने पुस्तके पुरविली, सूक्ष्मदर्शकही दाखविला. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, हा खटला ज्या रीतीने चालला ती रीत मला परकी नाही. कालनिर्देश नसलेल्या पोथीचा काळ ठरविताना आम्ही जे करतो, तेच हे लोक दगडांबाबत करीत आले आहेत.

आधी हा काळा पाषाण काय आहे ते पाहू. जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हारस वर आला, पसरला, थिजला. मग पुन्हा आला, पुन्हा पसरला. असे थरावर थर साचून आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याखाली आहे आणि सह्याद्रीत त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरांहूनही अधिक भरते. वेरूळची लेणी याच दगडात कोरली आहेत. शास्त्रज्ञ याला 'दक्षिण ट्रॅप' म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या एका उत्तर युरोपीय शब्दावरून आला. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते या थरांमुळेच.

लाव्हारसात जीव राहत नाही, म्हणून त्यात जीवाश्मही नसतात. परंतु एक उद्रेक आणि दुसरा उद्रेक यांच्यामध्ये पुष्कळदा हजारो वर्षांची उसंत पडे. त्या उसंतीत थिजलेल्या दगडावर माती साचे, पावसाचे पाणी खोलगट जागी थांबून तळी होत, त्यांत शेवाळ, गोगलगाई, मासे, बेडूक नांदू लागत. मग पुढचा लाव्हारस येई आणि तळे गाळासकट झाकून टाकी. अशा झाकलेल्या गाळांना 'अंतरा-ट्रॅपी थर' असे नाव आहे. त्यांची जाडी कधी वीतभर, कधी पुरुष-दोन पुरुष. जुन्या पोथीची पाने दोन लाकडी फळ्यांमध्ये बांधून ठेवीत, तसे हे थर दोन दगडांमध्ये बांधलेले आहेत. फळ्या मुक्या असतात; बोलतात ती पाने. म्हणून दगडाचे वय विचारावयाचे तर या पानांनाच विचारले पाहिजे, असे अभ्यासकांनी पूर्वीच ओळखले.

परंतु ही पाने समुद्राची नव्हेत, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. समुद्रातील खडकांचे वय ठरविण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातच चांगली बसली होती. समुद्र सगळीकडे एकमेकांस जोडलेला. त्यामुळे एखादा शंखधारी प्राणी उत्पन्न झाला की थोड्याच काळात तो दूरदूरच्या किनाऱ्यांवर पोहोचतो आणि कालांतराने सर्वत्र नाहीसा होतो. त्याचे कवच जेथे सापडेल तो थर त्याच्या हयातीतला. अशा प्राण्यांना 'सूचक जीवाश्म' म्हणतात. तळ्यांचे तसे नाही. प्रत्येक तळे म्हणजे एक वेगळे गाव, त्याची भाषा वेगळी, आणि ते अल्पायुषी. त्यातून मोठ्या प्राण्यांची हाडे सापडली तर ती एखाददुसरीच. एका दाताच्या बळावर अर्ध्या देशाचे वय ठरविणे हे धाडसच.

येथे आपले चिमुकले साक्षीदार पुढे येतात. कोळंबी, खेकडे ज्या कवचधर वर्गात मोडतात त्याच वर्गातील दोन गट आपल्या कामाचे आहेत. पहिला ऑस्ट्राकोडांचा. हा प्राणी आकाराने बहुधा अर्ध्या ते तीन मिलिमीटरांचा. त्याचे अंग दोन शिंपांच्या आत मिटलेले असते. वरवर पाहणाऱ्यास तो इवलासा शिंपलाच वाटावा. पावसाळी डबक्यात, भाताच्या खाचरात, विहिरीच्या पाण्यात तो आजही सर्वत्र आहे. ओंजळभर पाणी उन्हात धरले तर तुरुतुरु फिरणारे ठिपके दिसतात, त्यांत तो असतो. त्याच्या शिंपा चुन्याच्या असल्यामुळे टिकतात. शिवाय पूर्ण वाढ होईपर्यंत तो बहुधा आठ वेळा कात टाकतो, आणि प्रत्येक वेळी जुन्या शिंपा गाळात पडतात. म्हणजे एकच प्राणी आपल्या आयुष्यात अनेक वेळा स्वाक्षरी करून जातो. मूठभर मातीत शेकडो शिंपा मिळाव्यात, याचे हे कारण.

दुसरा गट शिंपकोळंब्यांचा. जुन्या ग्रंथांत त्यांना 'एस्थेरिया' म्हटले आहे. हे थोडे मोठे, काही मिलिमीटरांचे, आणि पावसाळ्यानंतर आटून जाणाऱ्या डबक्यांत राहणारे. हे कात टाकताना कवच टाकीत नाहीत. जुन्या कवचाला नवी कडा जोडतात. म्हणून त्यांच्या कवचावर झाडाच्या खोडातील वर्तुळांसारख्या वाढीच्या रेषा दिसतात.

या दोन्ही गटांतील कित्येकांचा एक गुण विलक्षण आहे. त्यांची अंडी वाळून कोरडी झाली तरी मरत नाहीत. तळे आटले की ती धुळीत पडून राहतात, वाऱ्याने उडतात, पक्ष्यांच्या पायांना चिकटून दुसऱ्या तळ्यात जातात आणि पाणी मिळाले की फुटतात. कित्येक जातींत मादीला नराचीही गरज नसते. एक अंडे नव्या तळ्यात पोहोचले की वसाहत होते. तळ्यांची गावे वेगवेगळी खरी, पण त्यांच्यामध्ये ये-जा करणारे हे प्रवासी आहेत. त्यामुळेच समुद्र नसलेल्या ठिकाणी सूचक जीवाश्मांचे काम ते काही अंशी करू शकतात. दक्षिण इंग्लंडातील पर्बेक आणि वील्डन हे गोड्या व निमखाऱ्या पाण्यातील थर 'सिप्रिडिया' नावाच्या ऑस्ट्राकोडाच्या एकामागून एक येणाऱ्या जातींवरून विभागले गेले. ब्राझील आणि चीन येथे सरोवरांच्या गाळात खनिज तेल शोधताना विहिरीतून वर येणाऱ्या दगडाच्या भुग्यात हीच कवचे पाहतात. कारण त्या भुग्यात मोठे हाड साबूत राहत नाही, ऑस्ट्राकोड मात्र अख्खा निघतो.

काम कसे चालते तेही थोडक्यात सांगतो, कारण मला ते पाहून फार आनंद झाला. थरातील मऊ माती आणून वाळवितात, रॉकेलमध्ये किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजत घालतात, मग पाण्याखाली बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुतात. चिखल वाहून जातो, खाली चिमूटभर रवा उरतो. तो काळ्या तबकडीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावयाचा आणि चित्रकाराच्या सर्वांत बारीक कुंचल्याचे टोक किंचित ओले करून एकेक शिंप टिपावयाची. मग प्रत्येकीचा आकार, पृष्ठभागावरील जाळी अथवा खळगे, दोन शिंपा जुळतात तेथील बिजागरी, आणि आतून स्नायू चिकटले होते तेथील वण पाहावयाचे. हे वण कुलपरत्वे वेगळे असतात. आम्ही मोडी कागदावर अक्षराचे वळण पाहतो, तसे हे आहे.

आता खटल्याकडे वळू. त्याचा आरंभ आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातच झाला, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. मद्रासच्या फौजेत माल्कमसन नावाचे एक शस्त्रवैद्य होते. निर्मळ आणि आदिलाबाद यांच्या मधल्या सिचेल डोंगरांतून जाताना त्यांनी काळ्या दगडाच्या थरांतून गोगलगाईंची व इतर कवचे जमविली. त्यांचा लेख लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने १८४० साली छापला, आणि त्यात जेम्स सॉवर्बी या जाणकाराने 'सिप्रिस सिलिंड्रिका' व 'सिप्रिस सबग्लोबोसा' अशी दोन ऑस्ट्राकोडांना नावे दिली. आपल्या काळ्या पाषाणातील या चिमुकल्यांचे हे नामकरण.

दुसरे नाव नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांचे. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. धर्मोपदेश आणि शाळा सांभाळून त्यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूरच्या आसपासचे थर पिंजून काढले. टाकळीच्या थरांतून त्यांनी गोगलगाई, फळे, कीटक, ऑस्ट्राकोड असे सारे गोळा केले. १८६० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या लेखात ऑस्ट्राकोडांची तपासणी टी. रूपर्ट जोन्स यांनी केली होती. हिस्लॉप यांचे मत असे पडले की, हे थर तृतीय युगाच्या आरंभीचे, म्हणजे इओसीन काळाचे असावेत. त्यांनी ते मुख्यतः गोड्या पाण्यातील गोगलगाईंच्या युरोपातील गोगलगाईंशी असलेल्या साम्यावरून ठरविले. १८६३ साली टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात या माणसाचा अंत झाला. तेव्हा त्याचे वय पंचेचाळीस होते.

हिस्लॉप यांच्या संग्रहातील आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. नागपूरच्या दक्षिणेस मांगली गावी पुष्कळ जुन्या, ट्रॅपच्या कितीतरी आधीच्या, तांबूस दगडात त्यांना एका उभयचर प्राण्याची कवटी आणि असंख्य बारीक कवचे सापडली होती. कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन या थोर शास्त्रज्ञाने केले. त्या कवचांना जोन्स यांनी १८६२ च्या आपल्या ग्रंथात 'एस्थेरिया मांगलिएन्सिस' असे नाव दिले. आपल्या एका खेड्याचे नाव त्यामुळे जगाच्या पुराजीवविज्ञानात गेले. सिरोंचाजवळील कोटा गावाचेही तसेच झाले. परंतु त्या ग्रंथाचे खरे महत्त्व दुसरे आहे. तोवर युरोपात अशा कवचांना पुष्कळ जण 'पोसिडोनोमिया' या सागरी शिंपल्याचे कवच समजत होते. जोन्स यांनी कवचाची सूक्ष्म रचना दाखवून सिद्ध केले की, हा शिंपला नव्हे, कवचधर आहे. एका नावाच्या दुरुस्तीने ज्याला समुद्र समजत होते त्याचे डबके झाले! आम्हां पाठचिकित्सा करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. एक अक्षर चुकीचे वाचले की एक राजा उत्पन्न होतो आणि ते नीट वाचले की नाहीसा होतो.

ट्रॅपच्या वयाचा वाद पुढे शतकभर चालला. १९३४ साली बिरबल साहनी या आपल्या श्रेष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'दक्षिण ट्रॅप क्रिटेशस की तृतीय?' याच प्रश्नाचा लेख लिहिला आणि वनस्पतींच्या जीवाश्मांवरून तृतीय युगाच्या, इओसीनच्या बाजूने कौल दिला. त्यांच्या अधिकारापुढे बोलणारे थोडे. सरांच्या पुस्तकांतील 'काही म्हणतात इओसीन' याचे मूळ येथे आहे.

दगडालाच का विचारू नये, असे कोणी म्हणेल. विचारले. किरणोत्सर्गी पोटॅशियमपासून बनणाऱ्या आर्गॉन वायूच्या मोजमापाने बेसाल्टचे वय काढता येते. परंतु जुन्या, कुजलेल्या दगडातून तो वायू निसटतो. आरंभीच्या मोजमापांतून आलेली वये इतकी विस्कळीत होती की, त्यांवरून हवा तो पक्ष मांडता यावा.

पारडे फिरले ते १९८० नंतरच्या दशकात. बिरबल साहनी यांचे पुतणे अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी यांनी अंतरा-ट्रॅपी थरांतील माती पोत्यांनी धुण्यास आरंभ केला. मोठ्या हाडांची वाट न पाहता चाळणीत उरणाऱ्या बारक्या अवशेषांकडे त्यांनी लक्ष दिले. नागपूर आणि आसिफाबाद येथील थरांतून मासे, बेडूक, सरडे यांचे अवशेष निघाले, आणि डायनोसॉरांचेही दात व अंड्यांच्या कवचांचे तुकडे निघाले. डायनोसॉर तर क्रिटेशसअखेर संपले. म्हणजे हे थर इओसीनचे असू शकत नाहीत. १९८८ साली जी. व्ही. आर. प्रसाद आणि साहनी यांनी भारतातील पहिला क्रिटेशसकालीन सस्तन प्राणी प्रसिद्ध केला, आणि त्याचे नाव ठेवले 'डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी'. ज्या माणसाचे अनुमान ते खोडत होते त्याचाच हा सन्मान! तो सापडला नासकल येथे. आपल्या सहलीच्या विकाराबादपासून परगीच्या बाजूस असलेले हे गाव. सरांनी आम्हांला काळा दगड हाती दिला, तेथून ते फार दूर नाही.

ऑस्ट्राकोडांचे अभ्यासक एस. बी. भाटिया आणि त्यांचे सहकारी यांनीही याच सुमारास आपली साक्ष नोंदविली. त्यांनी अनेक अंतरा-ट्रॅपी थरांतील शिंपा तपासल्या आणि त्यांतील कित्येक जाती चीन व मंगोलियातील उत्तर क्रिटेशस थरांत सापडणाऱ्या जातींशी जुळविल्या. १९९० साली त्यांनी लिहिलेल्या निबंधाचे शीर्षकच असे होते की, दक्षिण ट्रॅपचा उद्रेक ही उत्तर क्रिटेशस काळाची घटना असून ऑस्ट्राकोड हा त्याचा निर्णायक पुरावा आहे.

येथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हांला ती सांगितलीही नसती. विजयाच्या कथा पुष्कळ आहेत. पुढे ब्रिटनचे रॉबिन व्हॉटली आणि भारताचे सुनील बाजपेयी यांनी मोहगाव-कलाँ, गुलबर्गा जिल्हा अशा निरनिराळ्या ठिकाणांच्या शिंपा पुन्हा एकदा, अधिक चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली, बारकाईने पाहिल्या. त्यांना काय आढळले? आपल्या शिंपांना दिलेली चिनी आणि मंगोली नावे बहुतेक चुकीची होती. बाह्य आकारात साम्य होते, पण तपशिलात त्या वेगळ्या जाती होत्या. २००६ च्या सुमारास त्यांनी निष्कर्ष मांडला की, दक्षिणेच्या तळ्यांतील ऑस्ट्राकोडांचा फार मोठा भाग येथलाच, अन्यत्र कोठेही न आढळणारा असा होता. त्या काळी भारत हा आशियापासून दूर, समुद्राने वेढलेला भूखंड होता, हे पाहता त्यात आश्चर्य नाही.

याचे परिणाम दोन. मंगोलियाशी साम्य म्हणून त्या काळी भारत आशियाशी जवळचा असला पाहिजे, असे जे तर्क या शिंपांवर रचले होते त्यांचा पाया गेला. दुसरा परिणाम अधिक विचार करावयास लावणारा. 'निर्णायक पुरावा' म्हणून जो पुढे केला होता, त्याच्या युक्तिवादातील महत्त्वाची कडी निखळली. परंतु निर्णय मात्र टिकला. का टिकला? कारण तो एकट्या ऑस्ट्राकोडांवर उभा नव्हता. डायनोसॉर होते, परागकण होते, दगडात गोठलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशांच्या नोंदी होत्या, आणि एव्हाना सुधारलेल्या आर्गॉन पद्धतीने मिळालेली वयेही होती. एक साक्षीदार अडखळला तरी बाकीचे त्याच ठिकाणी बोट दाखवीत होते.

आणखी एक धडा छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे मिळाला. तेथील अंतरा-ट्रॅपी थरात २००९ साली गर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी समुद्रात तरंगणारे अतिसूक्ष्म फोरॅमिनिफेरा प्रसिद्ध केले. समुद्राचा एखादा फाटा तेव्हा मध्य भारतात शिरला असावा. ते फोरॅमिनिफेरा क्रिटेशसनंतरच्या, पॅलिओसीनच्या अगदी आरंभीचे होते. आणि त्याच थरातील गोड्या पाण्याचे ऑस्ट्राकोड? त्यांत इतरत्र उत्तर क्रिटेशसच्या मानल्या गेलेल्याच जाती होत्या. सॉवर्बीने १८४० साली नाव दिलेली, आता 'स्टेनोसिप्रिस' या प्रजातीत घातलेली 'सिलिंड्रिका'ही त्यांत आहे. म्हणजे ज्या आपत्तीत डायनोसॉर गेले त्या आपत्तीतून हे चिमुकले जीव पार पडले. त्यांच्या चिवटपणाचे कौतुक वाटते. पण कालनिर्णयाच्या दृष्टीने पाहता जो साक्षीदार सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखाच दिसतो, तो सीमा कोठे होती ते सांगू शकत नाही. सॉवर्बीचे दुसरे नाव 'सबग्लोबोसा' तर आज भारताच्या तळ्यांत जिवंत असलेल्या एका जातीला लावले जाते! नुसत्या नावावर विसंबणाऱ्याने त्या दगडाला कालपरवाचाही म्हणावे.

मग या चिमुकल्यांची साक्ष घ्यावी की न घ्यावी? माझ्या क्षेत्रातील अनुभवावरून मी म्हणेन, अवश्य घ्यावी. पण तिच्या मर्यादेत. जुन्या पोथीचा काळ ठरविताना थोर नावे, राजांचे उल्लेख, शेवटी लिहिलेला शक यांकडे आपले लक्ष प्रथम जाते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ चा निर्देश आहे आणि तो आपल्या सर्वांच्या आधाराचा. परंतु प्रत्येक ग्रंथाचे भाग्य तसे नसते. कित्येक पोथ्यांतला शक हा नकलकाराचा असतो, कवीचा नसतो. अशा वेळी मदतीला येतात ती लहान रूपे : एखादा विभक्तिप्रत्यय, एखादे अव्यय, क्रियापदाचा एखादा जुना शेवट. ती लिहिताना लेखकाचे त्यांच्याकडे लक्ष नसते, म्हणून ती सहसा खोटे बोलत नाहीत. आणि ती पानोपानी असतात, म्हणून त्यांची मोजदाद करता येते. थोर नाव पोथीत एकदा येते. प्रत्यय हजार वेळा येतो. डायनोसॉरचा दात आणि ऑस्ट्राकोडची शिंप यांत हाच फरक आहे.

पण या लहान रूपांनाही दोन अटी आहेत. पहिली, ती नीट वाचलेली असली पाहिजेत. दिसायला सारखे ते एकच, असे मानून चालणार नाही. दुसरी, ज्या प्रदेशातील ग्रंथ आहे त्याच प्रदेशाच्या भाषेशी त्यांची तुलना हवी. कोकणातील पोथीचे रूप वऱ्हाडातील पोथीशी ताडून काळ काढला तर फसगत व्हायची. भाटियांच्या शिंपांचे झाले ते काहीसे असेच. आपल्या तळ्यांची भाषा मंगोलियाच्या कोशात शोधली गेली. यात त्यांना उणेपणा नाही. त्या काळी आपल्या तळ्यांचा कोशच तयार नव्हता. त्यांनी शिंपा जपून ठेवल्या, चित्रे छापली, थर कोणता ते लिहून ठेवले. म्हणून पुढच्यांना त्यांची चूक दुरुस्त करता आली. ज्याने नीट नोंद ठेवली त्याची चूकसुद्धा उपयोगी पडते.

आता निकाल. अलीकडच्या वर्षांत, विशेषतः २०१५ आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनी, दोन थरांमधील राखेत सापडणाऱ्या झिरकॉनच्या कणांवरून आणि सुधारलेल्या आर्गॉन पद्धतीने हे वय फार बारकाईने ठरविले आहे. दक्षिण ट्रॅपच्या मुख्य उद्रेकास सुमारे ६ कोटी ६३ लाख वर्षांपूर्वी आरंभ झाला आणि ते साधारण दहा लाख वर्षांच्या आत बहुतांशी आटोपले. क्रिटेशसचा शेवट ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे काळा दगड त्या सीमेच्या दोन्ही अंगांस पसरला आहे; खालचे थर क्रिटेशसचे, वरचे पॅलिओसीनच्या आरंभीचे. नासकलचा थर क्रिटेशसच्या अगदी अखेरचा, असे २०२२ सालच्या अभ्यासातून दिसते. इओसीनचा पक्ष मात्र सुटला.

सर, आपल्या प्रश्नाचे हे उत्तर. ते द्यावयास मला फार उशीर झाला, त्याची क्षमा असावी. विकाराबादच्या वाटेवर आपण जो दगड आमच्या हाती दिला, तो डायनोसॉरांच्या अखेरच्या दिवसांतला होता.

समारोप करताना विद्यार्थ्यांना आणि येथे आलेल्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. अंतरा-ट्रॅपी थर पातळ असतात आणि बहुधा विहीर खणताना, रस्ता कापताना, घराचा पाया घेताना उघडे पडतात. हिस्लॉपच्या टाकळीवर आज नागपूर शहर पसरले आहे. आपल्यापैकी कित्येकांची शेते तांडूर, परगी, गुलबर्गा, आदिलाबादच्या बाजूस आहेत. कित्येक जण बांधकामाच्या व्यवसायात आहेत. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये पांढरट, हिरवट अथवा तांबूस मातीचा पट्टा दिसला, त्यात बारीक गोगलगाई चकाकल्या, तर तो बुजविण्यापूर्वी दोन-चार किलो माती पिशवीत भरा. गावाचे नाव, विहिरीची खोली आणि तारीख चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी पिशवीत घाला. आणि आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत आणून द्या. सरांचे कपाट तेथे अजून आहे. त्यात दोन फळ्या रिकाम्या आहेत, हे मी आज सकाळीच पाहून आलो. चिठ्ठीशिवाय मात्र माती आणू नका. ठिकाण न लिहिलेला जीवाश्म म्हणजे पहिले आणि शेवटचे पान हरवलेली पोथी. तिच्यापुढे बसून मी आयुष्याची पुष्कळ वर्षे घालविली आहेत, आणि ते दुःख मला ठाऊक आहे.

 सरांच्या स्मृतीस अभिवादन करून मी आपली रजा घेतो.